गाडी पाकिटातून बाहेर काढा!

मुलांसाठी बनवलेली वस्तू मुलांच्या हाती लागू न देणं, याला छंद म्हणायचं की साठेबाजी? छोट्या डाय-कास्ट गाड्यांबाबत हे विचारायलाच हवं. दुकानात नवा माल लागतो न लागतो तोच नेमकी मॉडेल्स उचलली जातात आणि संध्याकाळी तीच गाडी मोबाइलवर दुप्पट-तिप्पट भावात दिसते. खाली लिहिलेलं असतं, 'सीलबंद, कार्ड मिंट.' म्हणजे भाव गाडीचा नाही, पुठ्ठ्याचा!

या गाड्या जन्मल्या कशासाठी? लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. त्याने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातूनच १९५३मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या आल्या. खिशात मावणाऱ्या, खाऊच्या पैशांत येणाऱ्या. १९६८मध्ये अमेरिकेत मॅटेलने 'हॉट व्हील्स' काढल्या. त्यांची खरी करामत चाकांत होती. बारीक आस, कमी घर्षण, नारिंगी ट्रॅकवरून सुसाट! लेस्नीचं धाबं दणाणलं. १९६९मध्ये तिलाही 'सुपरफास्ट' चाकं आणावी लागली. या धंद्यातली मोठी लढाई झाली ती गाडी पळते किती, यावर.

आणि आपण ते चाक एकदाही फिरू देत नाही.

'सगळ्यांनीच खेळून मोडल्या तर इतिहास कोण जपणार?' हा आक्षेप रास्त आहे. जुन्या डिंकी गाड्या कुणी जपल्या म्हणूनच त्यांचे मूळ रंग आज पाहता येतात. पण एक नमुना जपणं वेगळं आणि एकाच गाडीचे वीस नग कपाटात कोंडणं वेगळं. शिवाय जुन्या गाड्या महाग का झाल्या? मुलं त्यांच्याशी खेळली म्हणून. बहुतेक मोडल्या, हरवल्या; उरल्या त्या दुर्मीळ ठरल्या. आज सगळेच सीलबंद ठेवणार असतील, तर तीस वर्षांनी दुर्मीळ काय असेल? मॅटेलला हे गणित केव्हाच कळलंय. १९९५पासून ती 'ट्रेझर हंट' नावाने काही गाड्या मुद्दाम मोजक्याच काढते. टंचाई कारखान्यात तयार होते आणि आपण तिला नशीब म्हणतो.

संग्रह जरूर करा. एक घ्या, फोडा, फरशीवर सोडा. दुसरी मात्र खुंटीवरच राहू द्या. मागून एखादं पोर येत असेल.