काकांची कार्बाइन आणि दोन भोकं

गेला महिनाभर आमच्यात एकाच विषयावर वाद चाललाय. विषय काय, तर १९२० च्या दशकातल्या एका विंचेस्टर कार्बाइनला ड्रिल मारून दोन भोकं पाडायची की नाही. सांगलीत मेकॅनिकलची डिग्री घेऊन डॅलसजवळ सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या माणसाचा यात काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आईनेही फोनवर तेच विचारलं. "बंदूक? हे काय नवीन थेर?" हे तिचे नेमके शब्द. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आधी एक खुलासा: बंदूक माझी नाही. ती आमच्या टीममधल्या एका साठी उलटलेल्या टेक्सन गृहस्थांची. ऑफिसात मी त्यांना नावाने हाक मारतो, मनात काका म्हणतो, म्हणून इथेही काकाच. दुसरा खुलासा एच-वन-बीवाल्या मित्रांसाठी. आपल्यासारख्या व्हिसावर असलेल्याला इथे बंदूक नुसती बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अपवाद थोडेच आहेत आणि त्यातला एक म्हणजे हंटिंग लायसन्स. त्यामुळे अस्मादिक आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करून आले, लायसन्स काढलं आणि मगच काकांच्या बंदुकीला हात लावला. हरणाला मारायचा माझा काडीचाही विचार नाही. माझं लक्ष्य म्हणजे लोखंडी तबकडी, तीसुद्धा फार लांबची नको.

तर कार्बाइन. मॉडेल १८९२, जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, वीस इंची नळी, .४४-४० चं काडतूस. बाबांनी कॉलेजात असताना 'मॅकेनाज गोल्ड' तीनदा पाहिला होता, त्यामुळे घोडा, टोपी आणि लिव्हरची बंदूक हे समीकरण आमच्या घरात पाठ होतं. पण पडद्यावर जे दिसत नाही ते हातात घेतल्यावर कळतं. लिव्हर खाली ओढली की बोल्ट मागे जातो, घोडा ताणला जातो आणि रिकामी पुंगळी टुणकन वर उडते. लिव्हर वर घेतली की नवं काडतूस आत सरकतं आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंनी दोन पोलादी खुंट्या वर येऊन त्याला कुलूप घालतात. या खुंट्या डोळ्यांना दिसतात हो! चार वर्षं ज्या कायनेमॅटिक्सच्या आकृत्या मी घोकून काढल्या, ती सगळी चक्क तळहातावर चालताना दिसते. पहिल्या दिवशी मी नेम कमी धरला आणि रिकामी लिव्हरच जास्त हलवली. काका वैतागले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आता अशा बंदुकीला सजवण्याचं इथे मोठं वेड आहे. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे मोठा लूप, म्हणजे लिव्हरची कडी बांगडीएवढी मोठी करायची. ही कृपा जॉन वेनची. 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) त्याने तशी बंदूक एका हाताने गरकन फिरवली आणि तेव्हापासून लोक फिरवतायत. जाड हातमोजे घालत असाल तर लूप कामाचा आहे. नाहीतर बोटं आत नुसती आपटतात. माझं मत विचाराल तर कडीला चामड्याची वादी गुंडाळावी, बास. दहा डॉलरात काम होतं आणि पन्नास काडतुसांनंतर बोटांची मागची बाजू सोलत नाही. वादी काकांच्या कार्बाइनला मीच गुंडाळली. तीन वेळा उसवली, चौथ्यांदा जमली.

दुसरं टोक म्हणजे काळं प्लास्टिक, रेल, टॉर्च. हे आता कारखान्यातूनच येतं. स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये लिव्हरची रायफल काढली, नाव १८५४. गंमत म्हणजे हे नाव नुसतं सजावटीचं नाही. रिव्हॉल्व्हरवाली म्हणून सगळे ओळखतात त्या या जोडगोळीने १८५४ मध्ये लिव्हरवाल्या पिस्तुलाचंच पेटंट घेतलं होतं, आणि तोच धागा पुढे ऑलिव्हर विंचेस्टरच्या हाती गेला. असो. टॉर्च लावणाऱ्यांवर मी हसायचो. आता कमी हसतो, कारण रात्री शेतात रानडुकरं हाकलणाऱ्याला टॉर्च लागतोच. माझा आक्षेप एवढाच, की आधी अडचण सांगा, मग पार्ट विकत घ्या. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात आणि तिथेही ती कोणी विचारत नाही :)

काकांची अडचण मात्र खरी होती. डोळे.

उघड्या साइटने नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या: डोळ्याजवळची मागची खाच, नळीच्या टोकाचं पातं आणि लांबचं लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. विशीत तो इतक्या भराभर अंतरं बदलतो की आपल्याला पत्ता लागत नाही. साठीत भिंग ताठर होतं आणि खाच म्हणजे नुसता करडा ढग. काका दहातल्या आठ मारायचे, हल्ली तीन लागल्या तरी खूश व्हायचे. मग एक दिवस गाडीतून बंदूक बाहेरच काढेनात. म्हणाले, आज तूच मार, मी बघतो.

यावर उपाय जुना आहे: पीप साइट. खाचेऐवजी डोळ्याजवळ बारीक छिद्र. पिनहोल कॅमेऱ्यासारखं ते फोकसची खोली वाढवतं. शिवाय छिद्राच्या मध्यावर डोळा आपोआप जातो, त्यामुळे तीनाऐवजी दोनच गोष्टी जुळवायच्या. मी आधी इंजिनिअरचा शहाणपणा केला: जो बदल उलटवता येतो तो आधी करा. नळीवर जुनी साइट जिथे बसते त्याच खाचेत बसणारी पीप आणली. फरक पडला, पण थोडाच. छिद्र डोळ्यापासून इतक्या लांब की त्याचा निम्मा गुण तिथेच संपतो. ते हवं मागे, रिसीव्हरवर. आणि तिथे बसवायचं तर शंभर वर्षं जुन्या पोलादात दोन भोकं पाडून आटे पाडावे लागतात. हे उलटवता येत नाही.

इथे महाभारत सुरू झालं. रेंजवरचे जाणकार म्हणाले, वेडे झालात का, संग्राहक हात लावणार नाहीत, किंमत धाडकन पडेल. काकांचा जावई म्हणाला, पणजोबांची वस्तू आहे, तशीच राहू दे, तुम्ही नवी घ्या. खरं सांगतो, पहिले दोन आठवडे मीही याच पार्टीत होतो.

माझं मत बदललं ते बंदूक नीट पुसताना. काकांच्या आजोबांनी ही बंदूक गुरांच्या मागे फिरताना वापरली. खोगिराला अडकवायची कडी त्यांनी स्वतःच काढून टाकली होती, खुळखुळते म्हणून. दस्त्याला चीर गेली तेव्हा दोन पितळी खिळे ठोकले होते. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणून जपतोय ते मुळात मूळ नव्हतंच! आजोबांनी गरज पडली तसा बदल केला आणि वापरत राहिले. आणि १८९२ काही एकुलती एक नाही, दहा लाखांवर बनल्या. दुर्मिळ, कोरी, खास ऑर्डरची असती तर मीही म्हटलं असतं, हात लावू नका.

माझे आजोबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. खंडेनवमीला पान्हे-पक्कडी पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पान्ह्याला ग्रीस. पूजा केली म्हणून पान्हा कपाटात गेला नाही. कपाटात गेलं ते त्यांचं एचएमटी जनता घड्याळ. ते वारल्यावर आम्ही ते रुमालात गुंडाळून ठेवलं. खराब होईल म्हणून कोणी घातलं नाही, किल्लीसुद्धा दिली नाही. गेल्या वर्षी मी घरी गेलो तेव्हा उघडलं तर तेल सुकून सगळं जाम. घड्याळजीने पाहिलं आणि विचारलं, "वापरत का नव्हता?" मला उत्तर देता आलं नाही.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी हो-नाही काही केलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, शनिवारी मिस्त्रीकडे येतोस का?

मिस्त्रीने पाऊण तास नुसतं मोजमाप केलं आणि ड्रिल मारायला पाच मिनिटं घेतली. भोक पडत असताना काका बाहेर जाऊन उभे राहिले. मग थेट रेंज. पहिल्या पाचही तबकडीच्या वरून गेल्या. मला घामच फुटला. कारण साधं होतं: नवी साइट उंच, पुढचं पातं जुनं, बुटकं. एक बग मिटवला की दुसरा. पण पातं पिनेवर असतं, ते बदलायला ड्रिल लागत नाही. आठवड्याने उंच पातं बसलं आणि काल सकाळी पन्नास यार्डांवर दहातल्या सात. प्रत्येक टण्ण आवाजाला काका माझ्याकडे वळून बघत होते.

जुनी साइट त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवली आहे, वर तारीख लिहून. जावयाने अजून भोकं पाहिलेली नाहीत. पुढच्या शनिवारी तो येतोय आणि काकांनी मलाही जेवायला बोलावलंय. बहुतेक साक्षीदार म्हणून.