नावं ठेवायला हवीत!

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा. पहिलं बारशाला करतात, दुसरं बारशाहून घरी परतताना! ईमेल, संगणक आणि आता मोबाईल या प्रकरणात मात्र ही दोन्ही कामं एकदमच व्हायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे नाव असं ठेवायचं की त्यातच नावं ठेवून झाली पाहिजेत.

ईमेलला मराठी शब्द कोणता, यावर आंतरजालावरच्या मराठी मंडळींनी पूर्वी भरपूर कळफलक बडवलेत. कोणी 'विपत्र' म्हणे, कोणी 'विरोप'. (निरोपातला 'नि' काढून तिथे विजेचा 'वि' बसवला की झाला विरोप.) दोन्ही शब्द सज्जन आहेत, पण बोलताना तोंडातून 'मेल'च निघतं. त्याच मंडळींनी आणखी एक शब्द काढला होता, 'ढकलपत्र'. आलेली मेल वाचायची नाही, तपासायची नाही, सरळ पुढच्या वीस जणांच्या अंगावर ढकलायची, ते हे ढकलपत्र. हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पाठवणाऱ्याला त्यातला चिमटाही बरोबर लागत असे.

घराघरातले शब्दही पाहा. डिलीट करणं म्हणजे 'उडवणं', पेस्ट करणं म्हणजे 'चिकटवणं', आणि संगणक अडकला की तो 'झोपला'. हे कुठल्या समितीने ठरवलेलं नाही. ढकलणं, उडवणं, चिकटवणं ही सगळी रोजची, हाताची कामं. ज्या यंत्राला हात लावायला लोक घाबरत होते, ते या शब्दांमुळे मिक्सरच्या शेजारी येऊन बसलं.

इंग्रजीतही हेच झालं. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता पाठवून दिली. या उद्योगाला तेव्हा नाव नव्हतं. पुढे ते मिळालं, 'स्पॅम'. हे खरं तर हॉर्मेल कंपनीच्या डबाबंद डुकराच्या मांसाचं नाव, १९३७ पासूनचं. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं १९७० सालचं एक प्रहसन आहे. त्यातल्या खानावळीत जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम घातलेला, आणि बाजूला बसलेले व्हायकिंग 'स्पॅम, स्पॅम' असं इतक्या मोठ्याने गातात की बाकी काही ऐकूच येत नाही. नको असलेल्या मेलांचं याहून चांगलं वर्णन कुणी केलं असतं?

यातली मुख्य गोष्ट अशी की हे नाव ज्यांना त्रास होत होता त्यांनी ठेवलं, त्रास देणाऱ्यांनी नाही. पाठवणारे आपल्या मालाला 'खास तुमच्यासाठी संधी' म्हणत होते. संधी उघडून बघितली जाते, स्पॅम उडवला जातो. अर्धी लढाई नावातच जिंकली!

तीच गोष्ट चारसोबीसची. परदेशातल्या कुठल्याशा दिवंगत मंत्र्याचे कोट्यवधी डॉलर तुमच्या खात्यात ठेवायचे आहेत, अशा मेलांचा मध्यंतरी सुळसुळाट होता. त्या प्रकाराला जगभर '४१९' म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी संहितेत फसवणुकीचं कलम तेच. आपलं कलम अगदी शेजारचं, भारतीय दंड संहितेचं ४२०. लोकांनी कायद्याचा आकडा उचलला आणि त्याची शिवी करून टाकली. राज कपूरचा 'श्री ४२०' आला १९५५ साली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक ३१८व्या कलमात गेली. पण कुणी कुणाला 'पक्का तीनशे अठरा आहेस' असं म्हणताना ऐकलंय? कायदा बदलला तरी चारसोबीस तो चारसोबीसच.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार आला. व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेश, मागे कार्यालयाचा देखावा. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, पडताळणीसाठी पैसे या खात्यात भरा.' लोकांची आयुष्यभराची पुंजी यात गेली आहे. त्यांत निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की अशी कुठलीही अटक कायद्यात नाही.

नाही ना? मग आपण सगळे तो शब्द का वापरतोय? हे नाव चोराच्या धमकीतून आलंय! बातम्यांत तेच, इशाऱ्यांत तेच, आणि घराघरातल्या गप्पांतही तेच. 'डिजिटल अरेस्ट' म्हटलं की काहीतरी सरकारी, कलमबिलम असलेलं वाटतं. सत्तरीतल्या माणसाने तो शब्द पेपरात शंभरदा वाचला, की कॉल आल्यावर त्याला तो खराच वाटणार.

आपल्याकडे याच्यासाठी फार जुना आणि झणझणीत शब्द आहे, 'तोतया'. पानिपतात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' म्हणत एक गृहस्थ उगवले. त्याने बंड करण्यापर्यंत मजल मारली, आणि अखेर १७७६ साली त्याचा निकाल लागला. तेव्हाही लोक फसले, पण इतिहासाने त्याला भाऊसाहेब म्हटलं नाही, तोतयाच म्हटलं. म्हणून माझी सूचना: 'डिजिटल अरेस्ट' हा शब्दच घरात घ्यायचा नाही. म्हणायचं 'तोतयाचा फोन'. 'अगं, आज मला तोतयाचा फोन आला होता' असं म्हणणारी मावशी घाबरलेली नसेल. तसंच 'फिशिंग'चं. मराठी माणसाला त्यातून मासा दिसत नाही, पण 'ही मेल म्हणजे गळ आहे' म्हटलं की काटाही दिसतो आणि गांडूळही.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. संगणकवाल्यांच्या बोलीत दुसऱ्या जातीचा विनोदही आहे. 'बिघाड कळफलक आणि खुर्ची यांच्या मधोमध आहे', म्हणजे वापरणाराच मठ्ठ. आपण घरात हेच करतो. 'बाबा, एवढं साधं कळत नाही?' 'आई, तू ना, कशावरही क्लिक करतेस!' त्या वेळी सगळे हसतात, आणि आईसुद्धा हसते. पण पुढच्या वेळी संशयास्पद काही आलं तर ती सांगत नाही. 'घरात कुणाला सांगू नका' हे तोतयाचं सर्वांत मोठं हत्यार, आणि त्याला धार आपणच लावून देतो.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, हसा, भरपूर हसा, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही, पलीकडच्या भामट्याला. तोतयाचा फोन आला तर कापा आणि लगेच घरात सांगा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, १९३० हा सरकारी मदत क्रमांक फिरवा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि 'तोतयाचा फोन' यापेक्षा खमंग नाव कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त ते चोराने ठेवलेलं नको.