आधी चार तास, मग शिवार



कपाशीचे नवे वाण आले की जाणता शेतकरी सगळे वावर त्याच्या हवाली करीत नाही. चार तास लावतो, शेजारी जुने वाण ठेवतो. बोंडे किती धरली, कीड किती आली, पावसाने ताण दिला तेव्हा झाड तगले का, ते बघतो. यंत्र बनविणारेही हेच करतात. आधी लहान नमुना करायचा, तो कुठे मोडतो ते बघायचे, मग मोठे काम काढायचे. चूक व्हायचीच असेल तर ती स्वस्तात व्हावी, एवढ्यासाठी नमुना असतो. चार तास बुडाले तर सोसते. शिवार बुडाले तर सावकार दारात येतो.

सरकारी योजनांचा कारभार मात्र उलटा. उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद आणि खोल करण्याचे काम सुरू झाले. पाठबळ अमरीशभाई पटेल यांचे. आखणी भूजल यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांची. त्यांचा हिशेब जमिनीच्या पोटातला होता. तापीकाठच्या गाळात पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, त्याच्या खालच्या वाळूत मात्र पाणी मावते. तो थर फोडायचा, नाल्यावर बिनदारांचे बंधारे घालायचे आणि पाणी मुरवायचे. कोरड्या विहिरींना पाणी आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेले.

‘पॅटर्न’ म्हटले आणि गफलत झाली. नमुना तपासायचा असतो. पॅटर्न नुसता गिरवायचा असतो. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले. दरवर्षी पाच हजार गावे, २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र, असा बेत. कामे अनेक प्रकारची होती, पण डोळ्यांत भरले ते जेसीबी आणि खणलेले नाले. ठिकठिकाणी शिरपूरचा खड्डा तेवढा उचलला, शिरपूरचा अभ्यास तिथेच राहिला.

साक्री, पारोळा, चाळीसगावकडे काळा पाषाण आहे. मुरूम आणि फुटक्या खडकाच्या पातळ थरात विहिरींचे पाणी असते, खाली अखंड खडक. तिथे थर न बघता नाला खणला, तर पाणी खाली मुरायचे राहते आणि कडेच्या मुरमातले पाणीच नाल्यात पाझरून उन्हाने उडून जाते. महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. ९,६०० कोटी रुपयांवर खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असे त्यात नोंदले आहे.

ही खोड जुनीच आहे. समपातळी बांध हलक्या जमिनीत टिकले. तेच खोल काळ्या जमिनीत घातले तेव्हा पाणी तुंबले, भेगा पडून बांध फुटले. नुकसान झाले ते शेतकऱ्याचे.

अधिकारी म्हणतील, दुष्काळात तपासत बसायला वेळ कुठे आहे? गावातला एक नाला तपासायला दोन पावसाळे लागतात. अभियानाला पाच वर्षे लागली.

जलयुक्तचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. तेव्हा ग्रामसभेत उभे राहून चार गोष्टी मागा. पहिली, आमच्या शिवारात कोणत्या खोलीवर कोणता थर आहे, ते आधी दाखवा. दुसरी, आधी एकच नाला करा. त्याच्या काठच्या आणि त्यापासून लांबच्या विहिरींची पातळी दिवाळीला आणि मे महिन्यात मोजा. कमी पावसाचे साल वेगळे लिहा. तिसरी, आकडे चावडीवर लावा, फसलेले आधी. चौथी, ज्याच्या वावरात विहीरच नाही, त्या कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाल्याला काय मिळाले, त्याचा रकाना वेगळा ठेवा. नाल्यात पाणी दिसले म्हणजे त्याच्या ज्वारीच्या मुळाशी ओल पोचली, असे होत नाही. त्याला बांधावरची माती आणि सरीतले पाणी अडवायला हवे. तोही नमुना करून दाखवा.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण शिरपूरच्या शितावरून साक्रीचा भात शिजला, असे कोणी सांगू लागला तर त्याला झाकण उघडून दाखवायला सांगा.