जो गेलाच नाही, त्याची नोंद कुठे?

शहरांचे बसमार्ग आखणाऱ्या मंडळींना हल्ली एक नवा गुरू भेटला आहे: तुमच्या-आमच्या खिशातला मोबाईल! कोण कुठून निघाला, कुठे पोहोचला, हे तो म्हणे बिनचूक सांगतो. मग घरोघर जाऊन लोकांना विचारण्याचा खटाटोप हवा कशाला? या 'कशाला'शी माझे भांडण आहे.

गुरूची थोरवी मी आधीच मान्य करून टाकतो. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ऑरेंज या दूरध्वनी कंपनीने डिसेंबर २०११ ते एप्रिल २०१२ या काळातल्या सुमारे २५० कोटी नोंदी, ग्राहकांची ओळख पुसून, संशोधकांना दिल्या. कोणत्या मनोऱ्याच्या टापूतून केव्हा बोलणे झाले वा संदेश गेला, हे त्यांवरून कळत होते. तेवढ्यावरून आयबीएमच्या संशोधकांनी आबिजान शहरातली ये-जा रेखाटली आणि २०१३ साली हिशेब मांडला: बसमार्गांत ठराविक फेरफार केले तर प्रवासाचा वेळ सुमारे १० टक्क्यांनी घटेल. ही करामत लहान नव्हे!

पण वाचकहो, अशा नकाशात एक माणूस कधीच दिसत नाही. जो गेलाच नाही, तो! वस्तीपर्यंत बस येत नाही म्हणून जिने लांबचे काम सोडले, रात्री परतायची सोय नाही म्हणून जिचा संध्याकाळचा वर्ग सुटला, चालवत नाही म्हणून जे आजोबा दवाखान्याची फेरी पुढे ढकलतात, त्यांचे फोन घरीच स्वस्थ पडलेले असतात. यंत्र सांगते, 'इथे प्रवासी नाहीत.' साहेब म्हणतात, 'मग बस कशाला?' बस नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून बस नाही! याला शास्त्र म्हणावे की चकवा?

दुसरी गोष्ट. 'नावे पुसली आहेत, निश्चिंत असा,' असे आपल्याला सांगतात. २०१३ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख माणसांच्या नोंदी तपासल्या होत्या. स्थळ-काळाच्या अवघ्या ४ खुणा हाती असल्या, तर १०० पैकी ९५ जणांचा माग इतरांपासून वेगळा काढता येतो, असे त्यात दिसून आले. नाव पुसले तरी पाऊल बोलतेच! म्हणून माझे मागणे साधे आहे: या टापूतून त्या टापूत किती माणसे गेली याची बेरीज घ्या, एकेकाचा माग घेऊ नका.

गर्दी कुठे आणि केव्हा, हे फोनला खुशाल विचारा. बस कुठे हवी, हे मात्र माणसांनाच विचारले पाहिजे. या दिवाळीत एखादी आत्या, 'परतायला गाडी नाही रे,' म्हणून फराळाला आली नसेल. तिच्या न झालेल्या प्रवासाची नोंद कुठल्याच मनोऱ्यावर नाही. मार्ग आखणाऱ्यांनी आधी तिच्या दारी जावे.