हृदयावरील व्रण आणि नाळेतील रक्त

काही महिन्यांपूर्वी निपाणी परिसरातील एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. प्रसूतीस महिना उरला होता. "डॉक्टरसाहेब, बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवले, तर बाबांच्या हृदयाला पुढे उपयोग होईल, असे सांगतात. खरे आहे का?" होणाऱ्या आजोबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि रक्तसाठवणुकीच्या एका प्रतिनिधीने मूलपेशींची, म्हणजेच स्टेम सेलची, आशा दाखविली होती. प्रश्न हृदयाचा असला तरी उत्तर देणे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला प्राप्त होते.

रोहिणी गुठळीने बंद झाली की सुमारे अर्ध्या तासात हृदयाच्या स्नायुपेशी मरू लागतात. पुढे पांढऱ्या पेशी मृत अवशेष दूर करतात, तंतुपेशी कोलॅजन विणतात आणि काही आठवड्यांत तेथे घट्ट व्रण तयार होतो. हा व्रण हृदयाची भिंत सावरून धरतो. मात्र तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार पडून हृदय हळूहळू ताणले जाते. प्रौढ हृदयात वर्षाकाठी जेमतेम एक टक्का स्नायुपेशी नव्या होतात. एवढ्याने व्रण भरत नाही.

अस्थिमज्जेतील पेशींनी उंदराच्या हृदयात नवा स्नायू घडविल्याचा दावा पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने २००१ मध्ये केला आणि जगभर आशा पसरली. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांना तसे काही आढळले नाही. २०१८ मध्ये तर हार्वर्डने अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. भारतातही पाच केंद्रांत २५० रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हृदयाच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. संशोधन अवश्य चालू राहावे. परंतु संशोधनाधीन उपचार विकणे हा आपल्या व्यवसायाचा धर्म नव्हे.

नाळेतील मूलपेशी प्रामुख्याने रक्त घडवितात. रक्ताच्या काही विकारांत त्यांचा उपयोग सिद्ध आहे, हृदयाच्या व्रणावर नाही. भावी विमा म्हणून खासगी साठवणूक करण्याचा पुरस्कार भारतीय बालरोग अकादमीनेही केलेला नाही. मी त्या जोडप्याला सांगितले, की ते रक्त प्रथम बाळाचे आहे. नाळ किमान एक मिनिट उशिरा बांधली, तर ते बाळाच्या अंगात जाते आणि त्याचा लोहसाठा वाढतो. त्यास खर्च नाही.

आणि आजोबांचे हृदय? निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. छातीत कळ आली की 'गॅस झाला असेल' म्हणत सोडा पिऊन पहाटेची वाट पाहणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या रात्रीत जो स्नायू मरतो, तो आज कोणतीही मूलपेशी परत आणत नाही. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये आणलेल्या हृदय ज्योती योजनेत तालुका रुग्णालयांतून ईसीजी व गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मोफत देण्याची तरतूद आहे. तंबाखूच्या या पेठेत किती घरांना हे ठाऊक आहे?

समव्यवसायी मित्रांना एवढीच विनंती, की प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात ही माहिती ठळकपणे लावावी आणि तंबाखू सोडण्याविषयी प्रत्येक भेटीत बोलावे. व्रण पुसण्याची विद्या येईल तेव्हा येवो. तो लहान ठेवण्याची विद्या आपल्या हाती आजच आहे.