सासूबाईंच्या ओव्या आणि दोन मापं

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्याकडे सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. सकाळचं सगळं रीतीप्रमाणं पार पडलं आणि संध्याकाळी अंगणात मंडप घालून भजन ठेवलं होतं. आमच्या वर्ध्याकडे भजन म्हटलं की खंजिरी आली आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पदं आली. माणसं शंभरावर येणार, म्हणून लाउडस्पीकरही सांगितला होता.

पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. सासूबाई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणायच्या. तीसेक वर्षांपूर्वी धाकट्या वन्संनी घरच्या टू-इन-वनवर त्यांच्या ओव्यांची एक कॅसेट भरून ठेवली होती. त्यांचा तेवढाच आवाज आता आमच्याजवळ उरलाय. भजनाच्या आधी तो दहा मिनिटं सगळ्यांना ऐकवायचा असं ठरलं.

लाउडस्पीकरवाल्या भाऊंनी टेपच्या हेडफोनच्या भोकात एक वायर खुपसली, तिचं दुसरं टोक मिक्सरच्या माइकच्या भोकात घातलं आणि बटण दाबलं. मंडपात असा काही घरघराट झाला, की पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली. भाऊ म्हणाले, ‘‘वहिनी, तुमची टेपच खराब आहे. आवाज फाटून राहिला न!’’ मग त्यांनी दुसरी वायर काढली, तिला जाड पिन जोडली आणि मिक्सरच्या दुसऱ्या भोकात घातली. आता तर आवाजच येईना. नुसती खरखर. ‘‘पुसल्या गेली असन टेप,’’ भाऊ म्हणाले.

ह्यांचा चेहरा असा उतरला, की माझ्याच्यानं बघवेना. एकच कॅसेट, आणि तीसुद्धा आमच्या हौसेपायी गेली की काय!

मी वायर काढली आणि टेप तशीच चालू केली. तिच्या स्वतःच्या लहानशा स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज स्वच्छ आला. जीव भांड्यात पडला. म्हणजे टेप चांगली होती, मिक्सरही चांगला होता; बिघाड होता तो दोघांच्या मधल्या जोडणीत. माझा मामेभाऊ नागपूरला ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्याला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते आज तुमच्यासाठी लिहितेय, कारण हळदीकुंकू असो की शाळेचं गॅदरिंग, मोबाइल नाहीतर टेप मोठ्या लाउडस्पीकरला जोडायची वेळ आपल्यावर येतेच.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. चमचा, वाटी आणि तांब्या ही तीन मापं आहेत. माइकमधून निघणारी वीज चमचाभर, म्हणजे व्होल्टचे जेमतेम काही हजारांश. घरच्या टेप, सीडी प्लेअर वगैरेंचं ठरलेलं माप वाटीचं, सुमारे ०.३२ व्होल्ट. आणि रेडिओ स्टेशन, स्टुडिओ, मोठे मिक्सर यांचं माप तांब्याचं, सुमारे १.२३ व्होल्ट. म्हणजे वाटीच्या जवळजवळ चौपट.

माइकचं भोक चमच्यासाठी केलेलं असतं. आत आलेला चमचा ते कित्येक पट वाढवतं. त्यात वाटी ओतली की नरसाळ्यातून पाणी उतू जावं तसा आवाज उतू जातो, आणि कानाला तो फाटलेला ऐकू येतो. आमची पहिली फजिती ती ही.

मिक्सरवर ‘लाइन’ असं लिहिलेलं भोक असतं, ते वाटी-तांब्यांसाठी. तिथे वाटी घातली तर आवाज थोडा बारीक येतो, एवढंच. तेव्हा त्याच रांगेतलं ‘गेन’चं बटण हळूहळू वाढवून माप सारखं करायचं. उलट बाजूही ध्यानात असू द्या. मिक्सरमधून घरच्या टेपवर भजन भरून घ्यायचं असेल, तर तांब्या वाटीत ओतायचा असतो. तिथे मिक्सरचा आवाज कमी केला नाही तर भरलेली टेप कायमची फाटकी येते, आणि ती मागाहून दुरुस्त होत नाही.

तुम्ही विचाराल, दोन मापं हवीतच कशाला? स्टुडिओत वायरी लांबच लांब असतात आणि वाटेत विजेची गुणगुण त्यांत शिरते. आवाज जोरकस असला की गुणगुण त्यापुढे फिकी पडते. घरात वायर हातभर, म्हणून कमी मापात आणि कमी खर्चात भागतं. यंत्रांच्या पुस्तकात ही मापं ‘उणे १० डीबीव्ही’ आणि ‘अधिक ४ डीबीयू’ अशी छापतात. वजाबाकी करून कुणी फरक १४ डेसिबल म्हणेल, पण खरा फरक १२च्या आसपास आहे. कारण एकाचं शून्य १ व्होल्टवर आणि दुसऱ्याचं ०.७७५ व्होल्टवर आहे. शेरातून किलो वजा करण्यासारखंच ते.

आता दुसरी फजिती. भोक बरोबर निवडलं होतं, तरी आवाज गेला कुठे? घरच्या टेपच्या किंवा मोबाइलच्या पिनेवर दोन काळी वळी असतात. तिच्यातून डावा आणि उजवा असे दोन आवाज जातात. मोठ्या मिक्सरच्या एकेरी भोकातही तशीच पिन बसते, पण त्याचं काम वेगळं. दोन तारांमध्ये जे सारखं असेल ते गुणगुण समजून ते गाळून टाकतं, आणि जो फरक असेल तेवढाच पुढे पाठवतं. सासूबाईंची कॅसेट एकाच माइकवर भरलेली, त्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे आवाज अगदी सारखा. मिक्सरनं तोच गाळला, आणि राहिली ती टेपची खरखर! सिनेमाच्या गाण्यात गायिकेचा आवाज बहुधा मधोमध असतो. म्हणूनच गॅदरिंगला कधी कधी नुसतं संगीत वाजतं, गाणारी गप्प होते आणि पोरी स्टेजवर भांबावतात.

यावर उपाय सोपा आहे. एका टोकाला घरच्या यंत्राची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या जाड पिना, अशी वायर मिळते. त्या दोन पिना मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या लाइन भोकांत घालायच्या. आमच्या भाऊंच्या पेटीत ती वायर होतीच, फक्त तळाशी पडली होती.

जोडताना एवढं सांभाळा. वायर घालण्या-काढण्याआधी मिक्सरचा आवाज शून्यावर आणा. मोबाइलचा किंवा टेपचा आवाज पाऊणभर ठेवा. अगदी बारीक ठेवून मिक्सर वाढवला तर खरखरही तितकीच वाढते. मग गाण्याचा सगळ्यात मोठा भाग लावून गेन वाढवा. लाल दिवा लागला की थोडं मागे या. मिक्सरवर ‘फँटम’ किंवा ‘४८ व्होल्ट’ असं बटण असेल तर ते बंद आहे ना, हे आधी विचारा. ती वीज काही माइकांना लागते, पण आपल्या मोबाइलला ती बाधू शकते. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच थांबते. नाहीच थांबली तर लाउडस्पीकरवाल्याकडे ‘डीआय बॉक्स’ मागा. आणि हो, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन भजनात कुणाचा तरी फोन मंडपभर खणखणायचा.

त्या संध्याकाळी एवढं सगळं करेपर्यंत अर्धा तास गेला. पण मग सासूबाईंचा आवाज आला, मागे जात्याची घरघर आणि मधेच वन्संचं लहानपणचं खिदळणं. पोरं गप्प झाली. शेजारच्या आजी डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत होता. हे उठून परसात गेले. मीही त्यांच्यामागे गेले नाही. थोडा वेळ एकटं राहू दिलं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पण आपल्या घरातली ओवी जमवायला बाहेरून कुणी येणार नाही, ते आपणच करायचं. तेव्हा माळ्यावरचा कॅसेटचा डबा आजच खाली काढा. कॅसेटच्या मागच्या काठाला दोन बारीक चौकोनी पाती असतात, ती मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरणार नाही. मग तिची नक्कल संगणकावर करून घ्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा. आमच्या कॅसेटची नक्कल मी दुसऱ्याच दिवशी करून आणली. एक आमच्याकडे आहे, एक वन्संकडे हिंगणघाटला.