‘पेशंट अडाणी आहे’ हे निदान नव्हे

वैद्यकीय अभ्यासक्रमात मानवशास्त्राला जागा द्या, असं म्हटलं की शिक्षकांच्या खोलीत ठरलेली उत्तरं ऐकू येतात. अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतोय. पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) आहे, एटकॉम (वृत्ती, नीती आणि संवादाचे धडे) आहे, आता फॅमिली अडॉप्शनही आलं, आणखी किती? आपली मुलं याच मातीतली, त्यांना त्यांचाच समाज काय शिकवायचा? पेशंटचं एवढं ऐकत बसायला वेळ कुणाकडे आहे? आणि शेवटी, आवाज चढवून: भगताला आणि मांत्रिकाला आता कॉलेजात पाट मांडून बसवायचं का?

मी बरीच वर्षं पीएसएम शिकवतो. हे आक्षेप घेणारी माणसं माझी सहकारी आहेत, कष्टाळू आहेत, रुग्णांविषयी त्यांना आस्था आहे. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं: रुग्ण सांगितलेलं करत नाही तेव्हा त्याचं कारण त्याच्या अडाणीपणात आहे असं आपण विचारण्याआधीच ठरवून टाकतो. विचारायचं कसं, कुणाला, कुठे बसून, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे शिकवावं लागतं. ते शिकवणारी शाखा म्हणजे वैद्यकीय मानवशास्त्र.

आधी मातीचा मुद्दा घेतो. एका विद्यार्थ्याने वॉर्डात केस मांडली. पंचेचाळिशीची बाई, जुना मधुमेह, साखर साडेतीनशेच्या वर, पायाला जखम. ‘इन्सुलिन अनियमित, सर. नॉन-कम्प्लायंट.’ मुलगा तालुक्याच्या गावचा, हुशार, बाईचीच बोली बोलणारा. मी म्हटलं, मावशींना विचार, कोणत्या दिवशी चुकतं. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी सहाला घर सोडतात, पोटात फक्त चहा. पहिला घास अकराच्या पुढे. एकदा इंजेक्शन टोचून कामाला निघाल्या आणि जिन्यातच दरदरून घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसल्या. त्या घरचं काम सुटलं. तेव्हापासून कामाच्या दिवशी इंजेक्शन बंद, सुट्टीच्या दिवशी चालू. यात अज्ञान कुठे आहे? इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नये, हे आमच्या पुस्तकातच लिहिलंय. मावशी ते अंगावर बेतल्यावर शिकल्या. चुकलं होतं ते आमचं, कारण डोसची वेळ ठरवताना त्यांचा दिवस कसा जातो हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो मुलगा त्याच मातीतला होता, तरी त्याने विचारलं नाही. कारण साडेचार वर्षांत आम्ही त्याचा कान बदलतो. कुटुंबभेटीला गेलेला विद्यार्थी घराला खिडक्या किती, चुलीचा धूर कुठून जातो, एका खोलीत किती माणसं झोपतात हे टिपतो. उत्पन्न विचारून घर बी. जी. प्रसाद वर्गीकरणात चौथ्या वर्गात की पाचव्या, ते काढतो आणि लॉगबुकवर सही घेतो. ही माहिती लागतेच, मी स्वतः ती गोळा करायला लावतो. पण दवाखान्याचे पैसे द्यायचे की नाही हे त्या घरात कोण ठरवतं, सून आजारी पडली तर किती दिवस अंगावर काढते, डॉक्टरांनी लिहिलेल्या पाच गोळ्यांपैकी कोणत्या दोन विकत घेतल्या आणि त्याच का, हे त्या रकान्यांत मावत नाही. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमाने एटकॉम आणलं, पुढे गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा नियम आला. दोन्हींचं मी मनापासून स्वागत केलं. मात्र एटकॉम रुग्णाशी सौजन्याने बोलायला शिकवतं. समोरच्याचं म्हणणं माहिती म्हणून कसं वाचायचं, हे तिथे कुणी शिकवत नाही, कारण ते शिकलेला माणूसच आमच्या विभागात नाही. दार उघडलंय, पण आत गेल्यावर काय बघायचं हे सांगणारा हवा.

आता एकाच तक्रारीची गोष्ट सांगतो. बाई ओपीडीत येते, आवाज खाली करून म्हणते, ‘अंगावरून पांढरं जातं.’ डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. केवढा मोठा आजार कुणी न विचारल्यामुळे झाकून राहिला होता. काही वर्षांनी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांमध्ये याच तक्रारीचा शोध घेतला. तिथे या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि कारण न सापडणाऱ्या अंगदुखीशी जास्त घट्ट निघालं. संसारातली जी घुसमट बोलता येत नाही, ती या वाक्याच्या आडून डॉक्टरांपर्यंत पोचत होती.

तिसरी जागा बीड. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मुकादमाकडून नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून उचल घेतलेली. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. फडावर आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, डोक्यावर उसाची मोळी. अशी बाई पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेली आणि ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ हे ऐकून आली, तर तिने काढून टाकायला होकार दिला यात नवल नाही. अशा कितीतरी जणी तिशीच्या आसपासच्या होत्या.

तक्रार एकच, अर्थ तीन. गडचिरोलीचा निष्कर्ष डोळे झाकून गोव्यात लावला तर प्रत्येकीला संसर्गावरचं मेट्रोनिडॅझोल मिळेल आणि तिची घुसमट तशीच राहील. गोव्याचा निष्कर्ष गडचिरोलीत लावला तर खरा आजार ‘मनाचा’ म्हणून परत पाठवला जाईल. बीडमध्ये तर काही न विचारता अवयवच काढला गेला. यातलं काय खरं, हे नुसता स्लाइड बघून ठरत नाही. बाईचा दिवस, घर, मजुरी आणि भीती माहीत असावी लागते. बंग दांपत्य मानवशास्त्राच्या पदव्या घेऊन गडचिरोलीला गेलं नव्हतं, पण ते लोकांमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी विचारलं. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, या प्रश्नावर आदिवासींनी मोठ्या इमारतींची भीती सांगितली, नातेवाइकांना बाहेर काढलं जातं हे सांगितलं, तुमच्या दवाखान्यात देव नाही हेही सांगितलं. बंगांच्या शोधग्रामचा दवाखाना मग झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. बंगांसारखी माणसं हे आपल्या वकुबाने करतात. शेकडो सामान्य डॉक्टरांना ते जमायचं असेल तर शिकवण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर लगेच म्हटलं जातं की म्हणजे अंधश्रद्धा डोक्यावर घ्यायच्या. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डम्मा म्हणतात. त्या क्रूर प्रथेचं समर्थन कोणताही शहाणा माणूस करणार नाही, मीही करत नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा मला हवा आहे आणि तो मिळवण्यासाठी लढताना मारले गेलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्याच पेशातले होते. पण गुन्हा नोंदवल्यावर पुढचं बाळ चटक्यांपासून वाचतं का? बाळाला धाप लागल्यावर आई भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, आधी का गेली: उपकेंद्र बंद होतं म्हणून, सासू म्हणाली म्हणून, की गेल्या खेपेला दवाखान्यात कुणी खेकसलं म्हणून? तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. समजून घेणं म्हणजे मान्य करणं, असं धरून चालणाऱ्यांनी २०१४ची पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ आठवावी. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये प्रेताला आंघोळ घालण्याच्या रिवाजातून रोग पसरत होता. सुरुवातीला अंगभर पोशाख चढवलेली पथकं प्रेतं उचलून न्यायची. कुटुंबीयांना शेवटचं दर्शनही नाही. लोकांनी रोगी लपवले, रात्री गुपचूप दफन केलं, गिनीतल्या एका गावात तर आरोग्य पथकातल्या माणसांची हत्या झाली. मानवशास्त्रज्ञ आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची पद्धत बदलली. प्रेताला स्पर्श नाही, पण कुटुंबीय हजर, प्रार्थना होणार, कबर कुठली ते घरच्यांना ठाऊक. रोगाचा रस्ता बंद करायला लोकांचं दुःख तुडवावं लागत नाही, हे तिथे सिद्ध झालं.

वेळ नाही, या आक्षेपाला फार शाई खर्च करत नाही. १९८४च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत होते. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना मध्ये न बोलता नुसतं ऐकायला सांगितलं, तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत थांबले. आमच्या ओपीडीच्या रांगा मला ठाऊक आहेत. पण न विचारता सुरू केलेल्या चुकीच्या उपचारात वर्षानुवर्षं जातात, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो, आणि तो घेणाऱ्यांचा मी आदर करतो: मानवशास्त्राचे स्वतःचे हात कुठे स्वच्छ आहेत? हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने याच शास्त्राच्या नावाने भारतीयांची नाकं मोजून जातींची उतरंड लावली. आउशवित्झच्या छळछावणीत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जोसेफ मेंगेलेकडे वैद्यकाची डॉक्टरेट होती, तशीच मानवशास्त्राचीही होती. हा इतिहास लपवून हा विषय शिकवता येणार नाही. पण १९३०च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशशास्त्राच्या महंताच्या हाताखाली इरावती कर्वे कवट्या मोजत होत्या. कवटीच्या ठेवणीतला असमतोल वंशावर ठरतो हे सिद्ध व्हावं अशी तिथे अपेक्षा होती. मोजमापांत ते दिसलं नाही, आणि इरावतीबाईंनी ते नाही असंच प्रबंधात लिहिलं. गुरूच्या घरात बसून गुरूचा सिद्धान्त नाकारणारी ही बाई पुढे पुण्यात मानवशास्त्र उभं करते. मला विद्यार्थ्यांना द्यायचं आहे ते हे.

या शास्त्राचा आजचा गैरवापरही मला दिसतो. ‘आदिवासी असेच असतात’, ‘त्यांच्यात तसंच चालतं’ अशी वाक्यं पाठ करून विद्यार्थी बाहेर पडणार असतील तर हा विषय न शिकवलेला बरा. संस्कृती हे नवं खापर होता कामा नये. पॉल फार्मर डॉक्टर होते आणि मानवशास्त्रज्ञही. हैतीच्या खेड्यांत क्षयरोगी औषधं अर्ध्यावर सोडतात, कारण क्षय करणीने होतो अशी त्यांची श्रद्धा आहे, असं सगळे सांगत. फार्मर आणि सहकाऱ्यांनी दोन गट पाहिले. दोघांना औषध मोफत; एका गटाला त्याशिवाय थोडी रोख मदत, आहार, प्रवासखर्च आणि घरी येणारा कार्यकर्ता. मदत मिळालेल्या गटातले सगळे बरे झाले, दुसऱ्यातले जेमतेम निम्मे. करणीवरचा विश्वास दोन्हीकडे सारखाच होता. फरक पडला तो पोटाला अन्न आणि गाडीभाड्याला पैसे मिळाल्याने. संस्कृतीला दोष केव्हा द्यायचा नाही, हे एका मानवशास्त्रज्ञानेच दाखवून दिलं. आपल्याकडे क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि २०२४च्या अखेरीपासून १००० रुपये दिले जातात, त्यामागचा विचार हाच आहे. तरीही गोळ्या चुकवणाऱ्याला ‘डिफॉल्टर’ म्हणताना पैसे खात्यावर आले का, हे किती डॉक्टर विचारतात?

मला नवा पेपर नको आहे. पेपर आला की गाइड येईल, गाइड आलं की एमसीक्यू येतील आणि विषय मरेल. मला हवा आहे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात एक प्रशिक्षित मानवशास्त्रज्ञ, ज्याचं टेबल पीएसएममध्ये असेल पण काम मेडिसिन, प्रसूती आणि बालरोगाच्या वॉर्डात चालेल. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या संशोधकांना आमच्या वॉर्डांची दारं खुली करा. इंटर्नने आपण डिस्चार्ज दिलेल्या एका रुग्णाच्या घरी महिन्याभराने जावं, औषधांचं काय झालं ते पाहावं आणि उपचार करणाऱ्या युनिटसमोर सांगावं. पीजी प्रवेशाच्या अभ्यासात इंटर्नशिप वाहून जाते हे मला माहीत आहे, म्हणूनच हे सहीपुरतं न ठेवता युनिटप्रमुखांनी स्वतः ऐकायला बसावं. मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, तेव्हाच का सुरू झालं, त्याने तुमचं काय काय अडलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. ते आमच्या हिस्टरीच्या नमुन्यात छापायला एक ओळ पुरते.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला आणि परीक्षक म्हणून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला लाँग केस मांडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न जरूर विचारा: या रुग्णाला आपला आजार कशामुळे झाला असं वाटतं? उत्तर देता आलं नाही, तर चुकलेल्या निदानाला कापता तितकेच गुण कापा.